सीपॅपचा अहवाल हिरवा, रुग्ण मात्र पेंगुळलेला: एका प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण 54 वर्षांचे, एका गोदामात पर्यवेक्षक. दिवसभर उभ्याने काम आणि जाता-येता स्वतः गाडी चालवणं. रक्तदाबासाठी तीन औषधं चालू होती, तरी वरचा आकडा 150 च्या खाली उतरत नव्हता. बीएमआय 33, गळ्याचा घेर 43 सेंमी. रात्रीत दोन-तीनदा लघवीला उठावं लागे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

घोरणं फार जुनं होतं, पण घोरण्यासाठी कुणी डॉक्टरकडे जात नाही. हे आमच्याकडे आले ते मनगटावरच्या घड्याळामुळे. घड्याळाने रात्रीचा ऑक्सिजन सरासरी 94 टक्के दाखवला होता आणि तो बघून त्यांना आधी कुणीतरी ‘ठीक आहे’ असं सांगितलं होतं. स्लीप अ‍ॅप्नियात, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याच्या आजारात, सरासरीला फारसा अर्थ नसतो. श्वास अडकला की ऑक्सिजन घसरतो, झोपमोड होऊन श्वास सुटला की पुन्हा वर येतो. आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. या दात्यांची सरासरी काढली तर 94 येऊ शकते आणि दाते दिसेनासे होतात. म्हणूनच या कामासाठीच्या ऑक्सिमीटरमध्ये सरासरी काढण्याचा अवधी 3 सेकंद किंवा त्याहून कमी ठेवतात. घड्याळाकडून ही अपेक्षा नाही. त्याने माणसाला दारापर्यंत आणलं, एवढं त्याचं काम झालं.

खरी माहिती पत्नीकडून मिळाली. “घोरण्याचं काही नाही हो, त्याची सवय झालीय. पण मध्येच हे गप्प होतात ना, तेव्हा मला झोप लागत नाही. परत घोरायला लागले की मग माझा डोळा लागतो.”

एपवर्थ प्रश्नावलीत 24 पैकी 15 गुण आले. 10 च्या वर गेलं की दिवसाची झोपाळूपणाची पातळी जास्त समजतात. हृदयविकार, फुफ्फुसाचा जुना आजार, अफूजन्य वेदनाशामकं यांपैकी काही नसल्यामुळे प्रयोगशाळेत रात्र काढायला न लावता घरच्या घरी चाचणी करायचं ठरलं. नाकाशी नळी, छाती-पोटावर पट्टे, बोटाला ऑक्सिमीटर. निकाल असा: एएचआय 38, सर्वांत कमी ऑक्सिजन 74 टक्के, नोंदीच्या 19 टक्के वेळात ऑक्सिजन 90 च्या खाली. उताणं झोपल्यावर एएचआय 56. मेंदूकडून आज्ञाच न आल्यामुळे श्वास थांबण्याचे, म्हणजे सेंट्रल प्रकारचे प्रसंग तासाला जेमतेम एक.

एएचआय म्हणजे श्वास किमान 10 सेकंद थांबण्याच्या किंवा बराच उथळ होण्याच्या प्रसंगांची तासाला सरासरी. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या पुढे तीव्र. घरच्या चाचणीत मेंदूच्या लहरी नोंदवल्या जात नाहीत. त्यामुळे फक्त झोपमोडीवरून ओळखू येणारे प्रसंग सुटतात, शिवाय भागाकार झोपेच्या तासांनी न होता नोंदीच्या तासांनी होतो. त्या रात्री आपण बराच वेळ जागेच होतो असं रुग्ण म्हणाले. तेव्हा 38 हा आकडा खालच्या बाजूला चुकलेला असण्याचीच शक्यता जास्त.

सुरुवातीचा उपचार

सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र, देण्यात आलं. स्वयंचलित प्रकारचं, दाबाची मर्यादा 4 ते 20 सेंमी (हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात), तोंड उघडं राहतं म्हणून नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क, आणि 4 वरून हळूहळू चढणारा 45 मिनिटांचा रॅम्प. मास्क खुर्चीवर बसवून लावून बघितला होता.

यात वावगं असं काही नव्हतं, बहुतेक ठिकाणी असंच होतं. पण 4 ते 20 ही मर्यादा कोणी विचार करून ठरवलेली नसते, यंत्र खोक्यातून तशीच घेऊन येतं. सिडनीत कॉलिन सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये नाकावाटे दाबाची हवा देऊन पाच रुग्णांचा घसा उघडा ठेवून दाखवला, तेव्हापासून मूळ तत्त्व तेच आहे: आतून हवेचा टेकू. किती दाब लागेल हे पुढे बरीच वर्षं तंत्रज्ञ रात्रभर पडद्यासमोर बसून ठरवत असे. स्वयंचलित यंत्राने ते काम स्वतःकडे घेतलं. मात्र यंत्राला दिसतो तो फक्त हवेचा प्रवाह. माणूस झोपलाय की जागा आहे, ऑक्सिजन किती आहे, मास्क वर सरकलाय का, यांपैकी काहीही ते थेट बघू शकत नाही.

अडचण

तीन आठवड्यांनी अहवाल आला. उर्वरित एएचआय 9. मोबाइलवरच्या अ‍ॅपने हिरवी खूण केली होती, ‘लक्षणीय सुधारणा’ असा संदेशही होता. 38 वरून 9, म्हणजे वरवर बघता काम झालं.

रुग्ण मात्र समोर बसून जांभया देत होते. एपवर्थ 14. रक्तदाब जिथल्या तिथे. “मास्क लावला की आधी हवाच पुरत नाही,” ते म्हणाले, “आणि दोन-अडीचला जाग येते तेव्हा डोळ्यांत वारा सुटलेला असतो, पोट फुगलेलं असतं. काढून ठेवतो.”

अहवालाच्या खालच्या रकान्यांत ते सगळं होतं. वापरलेल्या रात्रींची सरासरी तीन तास. रात्रीचा बहुतेक वेळ दाब 14 ते 15 सेंमीपर्यंत चढलेला. गळती मिनिटाला 41 लिटर. आमच्याकडच्या यंत्रात 24 च्या पुढे ती जास्त समजतात. शिवाय 9 पैकी 4 प्रसंग ‘श्वासमार्ग उघडा’ या गटातले.

इथे एक साधा हिशेब केला आणि चर्चेचा रोखच बदलला. यंत्राचा एएचआय फक्त यंत्र चालू असतानाचा असतो. हे गृहस्थ झोपतात सात तास. तीन तास मास्कसह, तासाला 9 प्रसंग, म्हणजे 27. उरलेले चार तास मास्कविना, तासाला 38, म्हणजे 152. एकूण 179, भागिले सात: जवळजवळ 26. म्हणजे तीव्र आजार मध्यम झाला होता, एवढंच. तोही उदार हिशेब म्हणायचा. डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप, जिला आरईएम म्हणतात, तिचा मोठा वाटा रात्रीच्या उत्तरार्धात असतो. त्या झोपेत घशाचे स्नायू जास्त सैलावतात आणि बऱ्याच जणांचा अ‍ॅप्निया तेव्हाच सर्वांत वाईट असतो. मास्क निघत होता तो नेमका ही झोप वाढायच्या वेळी.

समोरचे पर्याय

*थांबून बघणं.* सवय होईल म्हणून महिनाभर वाट बघावी, असं एक मत होतं. पण पहिल्या काही आठवड्यांत वापर जिथे स्थिरावतो तिथेच तो पुढेही राहण्याकडे कल असतो. त्यात झोपाळू माणूस रोज गाडी चालवत होता. त्यामुळे हा पर्याय लगेच बाद झाला आणि झोपाळूपणा कमी होईपर्यंत गाडी चालवू नका, असं त्यांना स्पष्ट सांगितलं.

*यंत्र बदलणं.* यंत्र पुरवणाऱ्याने ‘श्वासमार्ग उघडा’चे चार प्रसंग बघून हे सुचवलं होतं. तर्क असा की हे सेंट्रल अ‍ॅप्निया आहेत, साध्या सीपॅपला जुमानणार नाहीत, तेव्हा प्रत्येक श्वासाला आधार देणारं एएसव्ही यंत्र द्यावं. सीपॅप सुरू केल्यावर नव्याने सेंट्रल प्रसंग दिसू लागणं ही ओळखीची गोष्ट आहे, मात्र बहुतेकांत ते काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप ओसरतात. एएसव्ही हे काही नुसतं वरच्या दर्जाचं सीपॅप नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्व्ह-एचएफ चाचणीत, हृदयाची पंप करण्याची क्षमता 45 टक्के किंवा कमी आणि मुख्यतः सेंट्रल अ‍ॅप्निया असलेल्या रुग्णांत, एएसव्ही गटातले हृदयविकाराने झालेले मृत्यू जास्त निघाले: 29.9 टक्के, दुसऱ्या गटात 24 टक्के. त्यामुळे इकोकार्डिओग्राम केल्याशिवाय या यंत्राचं नावही काढायचं नाही. आम्ही तो करून घेतला; क्षमता 58 टक्के, म्हणजे मनाई नव्हती. गरज आहे का, हा प्रश्न शिल्लक राहिला.

*प्रयोगशाळेत रात्रभर दाब ठरवणं.* सर्वांत खात्रीचा मार्ग. पण 41 लिटर गळतीचा मास्क घेऊन तिथे गेलं तर अर्धी रात्र मास्क सारखा करण्यातच जाते. म्हणून हा पर्याय राखून ठेवला.

*जबडा पुढे धरणारं दंतउपकरण.* सौम्य-मध्यम आजारात चांगलं. 38 ला एकट्याने पुरेल याची खात्री नसते, पण माणूस सीपॅप अजिबातच लावत नसेल तर न वापरलेल्या यंत्रापेक्षा रोज वापरलेलं उपकरण बरं. वजन कमी करण्याचा मुद्दाही निघाला. लठ्ठपणा असलेल्या मध्यम ते तीव्र अ‍ॅप्नियासाठी टिर्झेपेटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाला अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये मान्यता मिळाली आहे. पण वजन उतरायला महिने लागतात आणि त्यांना आजची रात्र काढायची होती.

*आहे त्याच यंत्रावर गळती आणि दाब सावरणं.* हा पर्याय सर्वांत साधा, म्हणून चर्चेत सर्वांत शेवटी आला.

पहिला निर्णय: गळती आधी की दाब आधी?

निर्णयासाठी सारांश पुरेसा नव्हता. यंत्राच्या कार्डातून श्वासागणिक नोंद काढली आणि सलग काही रात्री ओळीने वाचल्या. बरीचशी यंत्रं ही नोंद ठेवतात, ती उघडून बघणारा मात्र क्वचितच भेटतो.

चित्र दर रात्री सारखंच होतं. सुरुवातीचा पाऊण तास 4 ते 6 सेंमी दाब. एवढ्या कमी दाबाला मोठ्या मास्कमध्ये अनेकांना गुदमरल्यासारखं वाटतं. झोप लागताच घसा मिटू लागतो, यंत्र दाब वाढवतं. दाब दहा-अकरा सेंमीच्या आसपास गेला की प्रसंग जवळजवळ थांबतात. मग कूस बदलली की मास्क गालावरून उचलला जातो आणि गळती सुरू होते. गळतीत प्रवाहाची नोंद बिघडते, यंत्राला घसा मिटल्यासारखं वाटतं, ते आणखी दाब देतं. दाब वाढला की मास्क आणखी उचलला जातो. अडीचपर्यंत दाब पंधरावर, हवा पोटात आणि डोळ्यांत.

म्हणजे पंधरा सेंमीची गरज घशाला नव्हतीच. तो दाब गळतीने मागवला होता.

‘श्वासमार्ग उघडा’ ही नोंद यंत्र कशी करतं तेही पाहायला हवं. श्वास थांबला की ते दाबाच्या बारीक लहरी सोडून मार्ग मोकळा आहे का ते तपासतं. मोकळा असेल तर प्रसंग या गटात टाकतं. पण जागा माणूस कूस बदलताना, गिळताना, मास्क सारखा करताना श्वास रोखतो तोही याच गटात जातो, कारण जाग आणि झोप यातला फरक यंत्राला कळत नाही. या रुग्णाचे असे प्रसंग बहुतांशी मोठ्या गळतीनंतरच्या त्या अस्वस्थ अर्ध्या-पाऊण तासात गोळा झाले होते. शांत झोपेच्या पट्ट्यांत ते जवळपास नव्हतेच. एएसव्हीचा मुद्दा इथे मिटला. गळती थांबल्यावरही हे प्रसंग तासाला पाचच्या वर राहिले तर प्रयोगशाळेत जायचं, असं लिहून ठेवलं.

केलेले बदल

सुरुवात नाकापासून केली, कारण तोंड उघडं का राहतं हे अजून कोणी विचारलंच नव्हतं. तपासणीत नाकाच्या आतल्या बाजू सुजलेल्या निघाल्या. स्टेरॉइडचा फवारा सुरू केला, यंत्राला ऊब आणि बाष्प देणारी नळी जोडली. नाक मोकळं झाल्यावर मोठ्या मास्कची गरज उरली नाही. हा मास्क खालचा जबडा मागे ढकलू शकतो आणि त्याच्यासोबत अनेकदा जास्त दाब लागतो. म्हणून नाकाने श्वास घेता येत असेल तर लहान मास्क बरा.

नाकावर बसणारा मास्क आधी जमला नाही. मिशी भरघोस असल्याने वरच्या ओठाशी फट राहत होती. शेवटी नाकपुड्यांत टेकणारी गादी दिली आणि ती बसली. यावेळी तंत्रज्ञाने त्यांना पलंगावर झोपवलं. “काका, आता डाव्या कुशीवर व्हा, हवा वाढवतोय.” 11 सेंमी दाब देऊन तिन्ही अंगांवर गळती बघितली. बसून, कमी दाबावर घट्ट वाटणारा मास्क झोपल्यावर चेहऱ्याचं मांस सैल पडलं की सुटतो, हे अशा वेळी पाच मिनिटांत दिसून येतं.

दाबाची मर्यादा 8 ते 12 केली. रॅम्प जवळजवळ काढून टाकला. श्वास सोडताना दाब थोडा उतरवण्याची सोय चालू केली, पोट फुगणं कमी व्हावं म्हणून. तोंडाला चिकटपट्टी लावू का, असं रुग्णाने विचारलं होतं. नाक सुजलेलं असताना त्याला आम्ही साफ नाही म्हटलं.

दुसरा निर्णय: फाइल बंद करायची का?

दोन आठवड्यांनी गळती 12 लिटर, दाब साडेदहाच्या आसपास, एएचआय 3, ‘श्वासमार्ग उघडा’ तासाला एक. वापर सरासरी चार तास बारा मिनिटं.

बहुतेक फायली इथे बंद होतात. सत्तर टक्के रात्री किमान चार तास, हा ‘नियमित वापरा’चा निकष बऱ्याच ठिकाणी वापरतात. पण तो मुख्यतः विम्याची भरपाई द्यायची की नाही हे ठरवायला रुळलेला निकष आहे. चार तासांनंतर घसा उघडा राहतो असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. 2016 च्या सेव्ह चाचणीत 2717 जणांना घेऊनही सीपॅपने हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाल्याचं दिसलं नाही. झोपाळूपणा मात्र कमी झाला. तिथे सरासरी वापर होता रात्री 3.3 तास. एवढ्या वापरावरून यंत्राला नापास करायचं की वापराला, यावर वाद आहे. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

हिशेब पुन्हा मांडला. 4.2 तास × 3, अधिक 2.8 तास × 38, भागिले सात: 17. अजून मध्यम आजारच.

मग विचारलं, मास्क निघतो कधी? नोंदीत उत्तर होतं: साडेतीन-पावणेचारला, एकदम, कसलीही गळती नसताना. म्हणजे या वेळी त्रास मास्कचा नव्हता. लघवीला उठायचं, मास्क काढायचा आणि परत आल्यावर अंधारात पट्टे शोधायचा कंटाळा यायचा. त्यांच्या मास्कची नळी पुढच्या कोपऱ्यापाशी खटक्याने सुटते, मास्क डोक्यावर ठेवून उठता येतं. हे त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं. दाखवायला अर्धा मिनिट लागला.

रात्री लघवीला उठण्याचं मूळही बऱ्याचदा याच आजारात असतं. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत निर्माण होणाऱ्या ओढीने हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, मूत्र वाढवणारं संप्रेरक सुटतं. उपचार नीट बसला की उठण्याची गरजच कमी होते.

पडताळणी

यंत्राला ऑक्सिजन दिसत नाही, म्हणून एक रात्र मास्कसोबत बोटाला ऑक्सिमीटर लावून नोंद घेतली. 90 च्या खालचा वेळ 19 टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आत आला होता. पहाटे पाचच्या सुमारास मात्र दात्यांचा एक छोटा पुंजका दिसला. बहुधा उताणी झोप आणि आरईएम एकत्र. यंत्र दाब वाढवेपर्यंत तीन-चार प्रसंग होऊन जात होते. किमान दाब 8 चा 9 केला.

निष्पत्ती

तीन महिन्यांनी वापर सरासरी सहा तास वीस मिनिटं, यंत्राचा एएचआय 2.4. मास्कविना गेलेल्या तासांसह आमचा हिशेब साधारण 6. एपवर्थ 7. गाडी चालवणं पुन्हा सुरू. लघवीला एकदा, कधी तेही नाही. पत्नीचं म्हणणं, आता आवाज येतो तो मास्क सरकल्याच्या सुस्काऱ्याचा. कोपर मारलं की थांबतो.

रक्तदाबाने रुग्णाची निराशा केली. वरचा आकडा 142 च्या आसपास आला, औषधं तीनच राहिली. मशीन लावलं की गोळ्या सुटतील असं त्यांनी मनाशी धरलं होतं. सीपॅपने रक्तदाबात सरासरी फरक पडतो तो दोन-तीन अंकांचा. अनेक औषधांना न जुमानणाऱ्या रक्तदाबात थोडा जास्त. हे पहिल्या भेटीतच सांगायला हवं. वजनही उतरलं नाही. झोप सुधारली की वजन आपोआप कमी होतं ही समजूत आहे; सीपॅपवर ते किंचित वाढल्याचंही आढळतं.

वेगळं काय करता आलं असतं

नाक पहिल्या दिवशी तपासायला हवं होतं. ‘तोंड उघडं राहतं’ हे ऐकून मोठा मास्क देणं ही सर्वत्र रूढ झालेली पळवाट आहे. त्यात तीन आठवडे गेले. मास्क झोपवून लावणं आणि किमान दाब 6-7 पासून सुरू करणं यालाही जादा वेळ लागत नाही. पहिला फोन तिसऱ्या-चौथ्या दिवशी जायला हवा, अहवालाची वाट न बघता. त्यात एएचआय न विचारता मास्क किती वाजता आणि का निघतो, एवढंच विचारलं तरी चालेल.

एका मुद्द्यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. सुरुवातीलाच प्रयोगशाळेत दाब ठरवला असता तर हे सगळं एका रात्रीत दिसलं असतं, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं. दाबाबद्दल ते खरं आहे. मिशीची फटही कदाचित दिसली असती. साडेतीनला मास्क काढून ठेवणं मात्र तिथे दिसलं नसतं, कारण प्रयोगशाळेत लघवीला जाताना तंत्रज्ञ स्वतः नळी सोडतो आणि परत जोडतो.

प्रवासात यंत्र घरीच राहतं आणि दुसऱ्याच दिवशी पेंग परत येते, ही तक्रार अजून सुटलेली नाही. तेवढ्या रात्रींसाठी दंतउपकरण चालेल का, याची तपासणी ठरली आहे. आहारतज्ज्ञाकडे जाणंही सुरू झालं आहे. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर मास्कविना घरची चाचणी पुन्हा करायची आणि दाबाची मर्यादा नव्याने ठरवायची, अशी नोंद फाइलवर आहे.